झोपलाय म्हणून सोडू नका, आधी श्वास बघा! अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या पोरांना आणि घरच्यांना ओपिऑइड ओव्हरडोसबद्दल हे माहीत हवं

जुलै-ऑगस्ट आला की जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत मोठ्या बॅगा उघडतात. कुणाचा मुलगा एमएस करायला टेक्सासला निघालेला असतो, कुणाची मुलगी ओहायोला. तासगावकडं कुणी द्राक्षबागेच्या जिवावर कर्ज काढलेलं असतं, विट्याकडं कुणाला गलाईवाल्या काकांनी हात दिलेला असतो. बॅगेत छोटा कुकर जातो, मेतकूट जातं, स्वेटर जातो आणि मेडिकलमधून आणलेली गोळ्यांची एक पिशवीही जाते. थंडीवर बोलणं होतं, विम्यावर होतं, डॉलरच्या भावावर तर रोजच होतं.

एक विषय मात्र सहसा कुणी काढत नाही. तिथं शेजारच्या खोलीतला मित्र पार्टीनंतर उठेनासा झाला, तर काय करायचं?

हा विषय काढला की लगेच वाटतं, आमचं पोरगं तसलं नाही. पण हा लेख पोरगं कसलं आहे याबद्दल नाहीच. अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांत आता आग विझवायच्या सिलिंडरशेजारी भिंतीवर आणखी एक छोटा डबा दिसतो. त्यात नॅलॉक्सोन नावाचं औषध असतं, नाकात मारायचा स्प्रे. तो डबा कशासाठी आहे, कधी उघडायचा आणि उघडल्यावर काय करायचं, हे स्वतः कधी सुपारीचं खांडही न खाणाऱ्या विद्यार्थ्यालाही माहीत असावं लागतं. कारण ज्याला ओव्हरडोस झालाय तो स्वतःसाठी काहीच करू शकत नाही. करतो तो शेजारचा. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ६३ हजार भारतीय विद्यार्थी होते. यातला प्रत्येकजण कुणाचा तरी रूममेट आहे.

ओपिऑइड म्हणजे नेमकं काय?

अफूच्या बोंडातून जो चीक निघतो, त्यापासून किंवा त्याच्यासारखं काम करणारी रसायनं कारखान्यात बनवून तयार होणारी औषधं म्हणजे ओपिऑइड. मॉर्फिन, कोडीन ही त्यातलीच. हेरॉइनही त्यातलंच. आपल्याकडं 'गर्द' किंवा ब्राऊन शुगर म्हणतात ते हेच घराणं. पुण्यात गर्दच्या आहारी गेलेली तरुण पोरं बघून अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, त्यामुळं हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही.

यातली बरीच औषधं दवाखान्यात रोज वापरली जातात आणि ती फार मोलाची आहेत. कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन देतात. मोठ्या ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञ फेंटानिल देतात. पण ते मोजून, श्वासावर आणि ऑक्सिजनवर नजर ठेवून.

हेच फेंटानिल आज अमेरिकेतल्या संकटाचं मूळ आहे. मॉर्फिनपेक्षा ते साधारण १०० पट आणि हेरॉइनपेक्षा ५० पट तीव्र. ज्याच्या शरीराला सवय नाही, त्याचा जीव जायला २ मिलिग्रॅम पुरे होऊ शकतं. मिठाचे मोजके दाणे चिमटीत धरले तरी वजन त्याहून जास्त भरेल. चोरून बनवलेलं फेंटानिल स्वस्त पडतं, थोडक्यात भागतं आणि लपवायला सोपं जातं. म्हणून ते दुसऱ्या नशेच्या मालात आणि बनावट गोळ्यांत मिसळलं जातं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. एमडी, गांजा, दारू ही ओपिऑइड नाहीत. २०२४ मध्ये कुपवाडला आणि २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळ कार्वे एमआयडीसीत पोलिसांनी जे पकडलं, ते एमडी म्हणजे मेफेड्रोन होतं. एमडीनं माणूस सुस्त होत नाही, उलट चेकाळतो, त्याची छाती धडधडते. ओपिऑइडचं काम बरोबर उलटं आहे. ते माणसाला मंद करत जातं आणि शेवटी श्वासच मंद करतं.

मग साध्या विद्यार्थ्याला धोका कुठून?

धोका फक्त नशा करणाऱ्याला असता, तर कॉलेजांनी भिंतीवर डबे लावले नसते. खरा घोळ बनावट गोळीचा आहे.

परीक्षेच्या दिवसांत तिकडं काही विद्यार्थी रात्रभर जागायला 'अॅडरॉल' नावाची गोळी शोधतात. ती खरं तर एकाग्रतेच्या आजारावरची, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारी. कुणी झोप लागावी, घाबरल्यासारखं होऊ नये म्हणून 'झॅनॅक्स' मागतं. कुणी पाठ दुखते म्हणून 'पर्कोसेट'. चिठ्ठी नसली की फोनवरच्या अॅपवरून किंवा ओळखीच्या कुणाकडून गोळी येते. रंग तोच, आकार तोच, छापलेला आकडाही तोच. आत मात्र फेंटानिल.

२०२२ च्या मे महिन्यात, ऐन परीक्षेच्या आठवड्यात, ओहायो स्टेट विद्यापीठातले दोन विद्यार्थी दगावले. त्यानंतर विद्यापीठानं सगळ्यांना इशारा दिला, की बनावट अॅडरॉल गोळ्या फिरत आहेत आणि त्यात फेंटानिल असू शकतं. अभ्यासाची म्हणून घेतलेली गोळीही जीव घेऊ शकते, एवढा त्याचा अर्थ.

अमेरिकेच्या अंमली पदार्थविरोधी यंत्रणेनं, म्हणजे डीईएनं, पकडलेल्या बनावट गोळ्या प्रयोगशाळेत तपासल्या. २०२३ मध्ये फेंटानिल असलेल्या दर १० गोळ्यांपैकी ७ मध्ये जीव जाईल इतका डोस निघाला. २०२४ मध्ये हे प्रमाण १० मागं ५ वर आलं. म्हणजे सुधारणा होऊनही निम्म्या गोळ्या जीवघेण्या.

आणि एकाच पाकिटातल्या दोन गोळ्या सारख्या नसतात. खिचडीत मीठ नीट न हलवता टाकलं की एक घास खारट लागतो, दुसरा अळणी. तसंच इथं. मित्रानं अर्धी गोळी खाल्ली आणि त्याला काही झालं नाही, याचा दुसऱ्या अर्ध्याशी काही संबंध नाही.

आता आपल्याकडच्या सवयीकडं बघा. "डोकं दुखतंय, एखादी गोळी दे रे," असं आपण किती सहज म्हणतो. घरात एकाला लिहून दिलेली गोळी दुसरा खातो. मेडिकलवाला ओळखीचा असला की चिठ्ठीचीही गरज पडत नाही. ही सवय घेऊन पोरगं तिकडं गेलं, तर रूममेटनं पुढं केलेली गोळी त्याला क्रोसिनसारखीच वाटणार. त्याला नशा करायची नसते, फक्त डोकं थांबवायचं असतं. म्हणून घरातून निघताना एक वाक्य सांगा. *औषधाच्या दुकानातून, स्वतःच्या नावावर, चिठ्ठीवर मिळालेली नाही ती गोळी तोंडात टाकायची नाही. कुणीही दिली तरी.*

शरीरात काय घडतं?

आपण श्वास घेतो तो मुद्दाम घेत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या देठाशी असलेलं केंद्र छातीला हुकूम सोडतं, घे श्वास. झोपेतही हा पहारा चालू असतो. ओपिऑइड नेमकं या पहारेकऱ्याला झोपवतं. कार्बन डायऑक्साइड वाढतोय, ऑक्सिजन घटतोय, तरी हुकूम सुटत नाही. श्वास मिनिटाला बारा-पंधराचे आठ होतात, मग चार, मग थांबतो. त्यापाठोपाठ हृदय थांबतं. ऑक्सिजन पूर्ण तुटला की चार-पाच मिनिटांतच मेंदूला कायमची इजा व्हायला सुरुवात होते.

म्हणजे माणूस विषानं तडफडत नाही. तो शांतपणे, झोपल्यासारखा, श्वास विसरून जातो. खोलीतल्या इतरांची फसगत होते ती इथंच. "जास्त झालीय, झोपू दे, सकाळी उतरेल." सकाळी तो उठत नाही.

सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर धोका आणखी वाढतो, कारण त्याही श्वास मंदावतात. आधी सवय होती पण मध्ये काही आठवडे सोडलं होतं, सुट्टीत घरी होता, उपचार घेऊन आला होता, अशा माणसालाही मोठा धोका असतो. त्याच्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि तो जुन्याच मापानं घेतो.

झोप आणि ओव्हरडोस यांतला फरक कसा ओळखायचा?

ही लक्षणं पाठ करून ठेवा:

- हाका मारून, खांदे गदागदा हलवूनही उठत नाही. मुठीच्या हाडांनी छातीच्या मधल्या हाडावर जोरात चोळलं तरी हालचाल नाही. झोपलेला किंवा साधा नशेतला माणूस एवढ्यानं निदान कण्हतो तरी.
- श्वास फार मंद, मध्येच थांबणारा, किंवा नाहीच.
- घशातून घरघर, गुळगुळ असा आवाज. लोक याला घोरणं समजतात. ते घोरणं नसतं, श्वासाची वाट अडलेली असते.
- ओठ आणि नखं निळसर. सावळ्या-काळ्या रंगाच्या माणसात निळं दिसत नाही, राखाडी, फिकट दिसतं. आपल्या मुलांसाठी हे लक्षात ठेवणं महत्त्वाचं. ओठाची आतली बाजू आणि नखं बघा.
- डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक.
- अंग गार, चिकट, लुळं.

सगळी लक्षणं एकदम दिसायची वाट बघू नका. उठत नाही आणि श्वास नीट नाही, एवढ्या दोन गोष्टी पुरे आहेत.

आता करायचं काय? क्रमानं बघा

१. उठवून बघा. नाव घेऊन ओरडा, हलवा, छातीचं हाड चोळा. यात दहा सेकंदांपेक्षा जास्त घालवू नका.

२. ९११ ला फोन लावा. अमेरिकेत कुठल्याही मोबाइलवरून हा फोन फुकट लागतो, रिचार्ज संपलेला असला तरी. "नॉट ब्रीदिंग, वोन्ट वेक अप" एवढं इंग्रजी पुरतं. मग पत्ता, इमारतीचं नाव, मजला, खोली नंबर. बऱ्याच पोरांना आपला पूर्ण पत्ता तोंडपाठ नसतो, म्हणून पहिल्याच दिवशी तो कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. फोन स्पीकरवर ठेवा, पलीकडचा माणूस पुढचं एकेक सांगत राहतो.

३. नॅलॉक्सोन द्या. माणसाला पाठीवर झोपवा, मान थोडी मागं करा. स्प्रेचं टोक एका नाकपुडीत पूर्ण घाला आणि खालचं बटण शेवटपर्यंत दाबा. आधी हवेत मारून बघू नका, एका स्प्रेत एकच डोस असतो आणि तो वाया जातो.

४. श्वास द्या. येत असेल तर नाक चिमटीत धरून, तोंडाला तोंड लावून दर पाच सेकंदांना एक फुंकर, छाती वर येते का ते बघत. श्वास आणि हालचाल काहीच नसेल तर ९११ वरचा माणूस सांगेल तसं छाती दाबायला सुरुवात करा.

५. दोन-तीन मिनिटांत फरक नाही? दुसरा डोस दुसऱ्या नाकपुडीत. डब्यात म्हणूनच दोन स्प्रे असतात.

६. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा. वरचा गुडघा दुमडून पुढं, हात गालाखाली. उलटी झाली तर ती श्वासात जाणार नाही.

७. तिथून हलू नका. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत एकटं सोडायचं नाही, तो उठून "मी बरा आहे" म्हणाला तरी.

हे मात्र करू नका

दारू चढलेल्याला ताक पाज, लिंबू चोखायला दे, चक्कर आलेल्याला कांदा हुंगव, हे उपाय आपल्याकडं हाताशीच असतात. इथं ते घातक आहेत. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ताक, दूध, मिठाचं पाणी काहीही घातलं तर ते फुप्फुसात जातं. उलटी काढायला घशात बोट घालू नका. थंड पाण्याच्या शॉवरखाली धरू नका, अंग आणखी गार पडतं आणि मोलाची मिनिटं जातात. थोबाडीत मारत बसू नका. आणि सर्वात मोठी चूक म्हणजे खोलीचा दिवा बंद करून "झोपू दे त्याला" म्हणणं.

नॅलॉक्सोन जादू आहे का?

जादू नाही, साधी कुलूप-किल्लीची गोष्ट आहे. मेंदूत ज्या जागी ओपिऑइड जाऊन बसतं, त्याच जागेवर नॅलॉक्सोन बसतं, आणि जास्त घट्ट. ओपिऑइडला बाजूला ढकलतं पण स्वतः काही नशा देत नाही. दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ लागतो. हे औषध १९६० च्या दशकातलं आहे, अमेरिकेत त्याला १९७१ मध्ये मान्यता मिळाली. नाकातला स्प्रे २०१५ मध्ये आला. मार्च २०२३ मध्ये 'नार्कॅन' हा स्प्रे चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून तो दुकानात मिळू लागला. दोन डोसचा डबा साधारण ४५ डॉलरला. बऱ्याच कॉलेजांत आरोग्य केंद्रात तो फुकट मिळतो, सोबत अर्ध्या तासाचं प्रशिक्षणही. कॅलिफोर्नियानं तर २०२२ मध्ये कायदाच केला, की तिथल्या सरकारी कॉलेजांनी नॅलॉक्सोन ठेवायचं आणि विद्यार्थ्यांना माहिती द्यायची. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या औषधनिर्माण विभागानं २०१६ पासूनच अशी मोहीम चालवली आहे.

दोन प्रश्न नेहमी येतात.

*ओव्हरडोस ओपिऑइडचा नसेल तर?* तरी द्या. शरीरात ओपिऑइड नसेल तर नॅलॉक्सोन काही करत नाही. दारूवर, एमडीवर ते चालत नाही, पण नुकसानही करत नाही. आत काय आहे हे त्या खोलीत कुणालाच माहीत नसतं, म्हणून शंका आली की द्यायचं.

*शुद्धीवर आला, मग दवाखाना कशाला?* कारण नॅलॉक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटं टिकतो आणि काही ओपिऑइडचा त्याहून जास्त. औषध उतरलं की माणूस पुन्हा त्याच गाढ बेशुद्धीत जाऊ शकतो. शिवाय ज्याला सवय आहे तो शुद्धीवर येताना चिडतो, घामाघूम होतो, उलट्या करतो. त्यानं शिव्या दिल्या तरी वाईट वाटून घेऊ नका. श्वास चालू आहे ना, झालं तर.

"फोन केला तर व्हिसा जाईल का?"

जीव जाण्याचं हे एक मोठं कारण आहे. औषध जवळ असतं, फोन हातात असतो, पण भीती आडवी येते. पोलिस येतील, कॉलेज काढून टाकेल, व्हिसा रद्द होईल, घरी कळेल.

तिथल्या कायद्यानं ही भीती ओळखली आहे. न्यू मेक्सिको राज्यानं २००७ मध्ये पहिल्यांदा कायदा केला, की ओव्हरडोससाठी मदत मागणाऱ्यावर स्वतःजवळ थोडा माल बाळगल्याचा खटला भरायचा नाही. आज बहुतेक राज्यांत असा कायदा आहे, फक्त तपशील राज्याराज्यांत वेगळे. अनेक कॉलेजांचा स्वतःचाही नियम असतो. जीव वाचवायला फोन करणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी फोन केला त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई नाही. आपल्या कॉलेजचा नियम काय आहे, हे पहिल्या आठवड्यातच वेबसाइटवर वाचून घ्यावं.

व्हिसाचं खरं तेच सांगायला हवं. परदेशी विद्यार्थ्यावर अंमली पदार्थाचा गुन्हा सिद्ध झाला तर व्हिसा धोक्यात येतो, आणि इमिग्रेशनचा कायदा राज्याच्या सवलतीला बांधलेला नाही. पण ज्यानं काही घेतलेलं नाही, जवळ काही नाही, फक्त रूममेटसाठी फोन केला, त्यानं गुन्हा केलेला नाही. ज्याला आपल्याच बाबतीत काळजी आहे, त्यानं आधी फोन करावा आणि मग कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आणि वकिलाला गाठावं. केस लढता येते. गेलेला श्वास परत आणता येत नाही.

दुसरी भीती बिलाची. अॅम्ब्युलन्सचं बिल हजार डॉलरच्या पुढं जाऊ शकतं, हे खरं आहे. कर्ज काढून गेलेल्या पोराला ते आठवणारच. पण बहुतेक विद्यापीठांत विमा सक्तीचा असतो आणि तातडीच्या उपचाराचा मोठा भाग त्यातून निघतो. १९८६ पासूनच्या कायद्यानं तिथल्या इमर्जन्सी विभागाला पैसे आहेत का हे न बघता आधी रुग्ण सावरावा लागतो. बिल नंतर हप्त्यानं फेडता येतं. घरच्यांनी निघतानाच सांगून ठेवा, "जिवाचा प्रश्न असला तर पैशाकडं बघू नकोस, आम्ही बघू." हे वाक्य ऐकलेलं पोरगं त्या रात्री घुटमळत नाही.

निघण्याआधी बॅगेत आणि डोक्यात काय हवं?

- औषधांची पिशवी तपासा. ट्रॅमाडॉल अमेरिकेत २०१४ पासून नियंत्रित यादीत आहे, कोडीनही. "पाठदुखीची स्ट्राँग गोळी" म्हणून ती पिशवीत गेली असेल तर काढा. डॉक्टरांनी खरोखरच दिली असेल तर इंग्रजी चिठ्ठी आणि मूळ पाकीट सोबत हवं.
- पोचल्यावर पहिल्या महिन्यात आरोग्य केंद्रातून नॅलॉक्सोन घ्या, वापर शिकून घ्या. ते खोलीत दिसेल असं ठेवा. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नका, उष्णतेनं खराब होतं.
- फेंटानिल तपासायच्या पट्ट्या काही कॉलेजांत मिळतात. फेंटानिल आहे का ते त्या सांगतात, किती आहे ते नाही. पट्टीत आलं नाही म्हणजे गोळी सुरक्षित असंही नाही, कारण उरलेल्या अर्ध्यात असू शकतं.
- एकट्यानं दार लावून कुणी काही घेत असेल तर ते सगळ्यात धोकादायक. ओव्हरडोस झाला तर बघणारा कुणी नसतो. मित्राबद्दल शंका असेल तर दार ठोठवा.
- परीक्षेचा ताण, एकटेपणा, नोकरीची चिंता याबद्दल घरी बोलता येईल असं ठेवा. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर फक्त "जेवलास का" आणि "मार्क किती" एवढंच नको. कॉलेजमध्ये समुपदेशक असतात, बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांना फुकट.

आणि आपल्याकडं?

आपल्या तालुक्यात फेंटानिलचं अमेरिकेसारखं संकट नाही. पण ओपिऑइड नाहीत असंही नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक ओपिऑइड वापरत असल्याचं दिसलं. आपल्याकडं ती येतात कोडीनच्या खोकल्याच्या बाटलीतून आणि वेदनेच्या गोळ्यांतून. ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये एनडीपीएस कायद्याखाली आलं. टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळीचं उत्पादन आणि निर्यात केंद्रानं फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवली. कोडीनचं सिरप चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि दुकानदाराला त्याची नोंद तीन वर्षं ठेवावी लागते.

ओळखायची लक्षणं इथंही तीच, श्वास द्यायचा तो तसाच, कुशीवर वळवायचं ते तसंच. फरक औषधात आहे. आपल्याकडं नॅलॉक्सोन इंजेक्शनच्या रूपात येतं. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ते आहे, पण ते द्यायला डॉक्टर किंवा नर्स लागतात. घरात ठेवायचा स्प्रे आपल्याकडं रुळलेला नाही. म्हणून इथं १०८ लवकर बोलावणं आणि येईपर्यंत श्वास चालू ठेवणं यालाच जास्त किंमत. दवाखान्यात पोचल्यावर काय घेतलं ते लपवू नका. रिकामी बाटली, गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. "काहीतरी खाल्लंय" म्हणून वेळ घालवण्यापेक्षा नाव सांगितलं तर इंजेक्शन लवकर मिळतं.

पोलिस केसच्या भीतीनं पेशंट एका दवाखान्यातून दुसऱ्याकडं फिरवणं आपल्याकडं नवं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच, परमानंद कटारा प्रकरणात, स्पष्ट केलं आहे की आधी जीव वाचवायचा, कागदपत्रं नंतर. हे सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांना लागू आहे. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला पुढं आला तर एनडीपीएस कायद्याचं कलम ६४ अ त्याला काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देतं. पण ओव्हरडोससाठी फोन करणाऱ्या मित्राला अमेरिकेतल्या राज्यांसारखी खास हमी आपल्या कायद्यात नाही. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यानं जे संरक्षण दिलंय, तसं इथं झालं तर वसतिगृहातलं पोरगं फोन करायला कचरणार नाही.

तोवर आपली कॉलेजं बरंच करू शकतात, आणि त्याला फार खर्चही नाही. वसतिगृहाच्या रेक्टरला आणि रात्रीच्या वॉचमनला ही लक्षणं शिकवता येतील. एनएसएसच्या शिबिरात तासभर श्वास द्यायचा आणि छाती दाबायचा सराव घेता येईल. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नॅलॉक्सोन आहे का, हे प्राचार्यांनी एकदा विचारून ठेवावं. आणि सूचना फलकावर एक ओळ लावावी: मित्रासाठी रात्री मदत मागणाऱ्यावर कॉलेज कारवाई करणार नाही.

अमेरिकेत २०२२ मध्ये ओव्हरडोसनं सुमारे १ लाख ८ हजार माणसं गेली होती. २०२४ मध्ये हा आकडा ८० हजारांच्या आसपास आला. अजूनही तो भयंकरच आहे, पण खाली येतोय. त्यामागच्या कारणांत एक हे मानलं जातं, की नॅलॉक्सोन डॉक्टरांच्या कपाटातून बाहेर पडून सामान्य माणसाच्या हातात आलं.

जपून ठेवा

- अमेरिकेत: ९११
- आपल्याकडं अॅम्ब्युलन्स: १०८, इतर तातडी: ११२
- व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन: १४४४६
- अंमली पदार्थांबाबत माहिती देण्यासाठी आणि मदतीसाठी 'मानस': १९३३
- मनावरच्या ताणासाठी टेली-मानस: १४४१६
- उठत नाही + श्वास नीट नाही = फोन, नॅलॉक्सोन, श्वास, कुशीवर, सोबत थांबा

घरात कुणी यंदा निघणार असेल तर ही शेवटची ओळ त्याच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.